ठकू अजून बोलते

नागपूर, १२ जानेवारी २०२६

सोनू,

फोन तू उचलत नाही. व्हॉट्सॲपवर दोन रेघा निळ्या होतात अन् पुढं काही नाही. म्हणून कागद घेतला. कागद फाडाचा म्हटलं तरी आधी उघडावा लागते. सातवीपर्यंतचं शिक्षण आहे माझं, चुका होतीन, चालवून घेजो.

तुझे बाबा घरी आले. रामदासपेठेतल्या दवाखान्यातून शुक्रवारी सोडलं. उजवा हात पडला, उजवा पाय ओढत चालतात, तोंड थोडं वाकडं झालं. समजते सगळं. अंघोळीचं पाणी कोमट असलं तं समजते, भाजीत मीठ कमी असलं तं समजते. बोलणं मात्र गेलं. म्हणजे गेलंही अन् राह्यलंही.

तू लकव्याचं ऐकून फोन केला होता, तेव्हा बाबा जे बोलले ना, ते मस्करी नव्हती वं. एवढ्या वर्षांनी पोरगी फोन करते अन् बाप म्हणते, "सरकार, घोडा दमला का स्वार?" तू ठेवून दिला. मीही ठेवून दिला असता. पण त्यायच्या तोंडात दुसरं काही उरलंच नाही. डॉक्टर म्हणे, आपण रोज नवं नवं बोलतो ते मेंदूत एका जागी राहते, ते पुसलं गेलं. पाठ केलेलं दुसरीकडं राहते, ते शाबूत आहे. कोणाची आरती राहते, कोणाचे पाढे, कोणाच्या शिव्या. तुझ्या बाबांचा सिनेमा राह्यला. 'किल्लेदाराची कडी'. चाळीस वर्षं जे लोकांनी त्यायच्याकडून वदवून वदवून घेतलं, तेवढंच शिल्लक आहे. पाणी पाहिजे असलं तरी त्या सिनेमातली त्यायची ठकूच बोलते, संडासाले जाचं असलं तरी ठकूच.

शुद्धीवर आले तं पहिले नर्सबाईले म्हणे, "जरा सरका, मधात उशी आहे का बाई आहे?" ती केरळची, तिले काही समजलं नाही. बाजूच्या खाटेवरचा म्हातारा इतका हसला का त्याचे टाके दुखाले लागले. मंग मोठे डॉक्टर आले. त्यायले म्हणे, "जळो तुमची तलवार, आधी म्यान सांभाळा!" डॉक्टर खुर्चीवर बसूनच गेला. म्हणे, काकू, हे ते ठकू आहेत, काहून नाही सांगतलं? त्याच्यानंतर अख्खा मजला पाहून गेला त्यायले. माणूस मरता मरता वाचला अन् लोक सेल्फी काढून राह्यले. मी खाटेजवळ संत्रं सोलत बसली होती. राग आला नाही, हसू आलं नाही. रडू तं अजूनही येत नाही. डॉक्टरनं मलेच विचारलं, काकू, तुम्ही ठीक आहा ना? म्हटलं, मले काय धाड भरली.

आता मुद्द्याचं. डॉक्टर म्हणे दुसरा झटका कधीही येऊ शकते, अन् तो आला तं समजणंही जाईन. आता समजून राह्यलं तोवर तू त्यायच्याशी एकदा बोल. ये म्हणत नाही. फोनवर बोल. तुझं बोलणं अडकते हे मले का माहीत नाही? लहानपणापासून अडकते. अडकू दे. ते तरी कुठं धड बोलून राह्यले?

आई


नागपूर, ३ फेब्रुवारी

सोनू,

उत्तर नाही आलं. बरं. मी लिहीत जाते.

मले आता बाबांचं समजाले लागलं. 'घोडा दमला' म्हणजे उठवून बसव. 'जळो तुमची तलवार' म्हणजे वरण गरम आहे. मले बोलवाचं असलं का पुरा उखाणा घेतात:

पलंगाले पाय चार, एक पाय डुलते,
किल्लेदाराचं नाव घेते, कडी आतून खुलते!

मी इकडं पोळी लाटून राह्यली असते, अन् तिकडून नवरा असा हाका मारते. अख्ख्या संसारात "ऐकलं का" च्या पुढं गेले नाहीत, अन् आता हे. खिडकी उघडी असली तं रस्त्यावरचे पोट्टे खालून ओरडतात, "वा ठकू!" त्या पोट्ट्यांचे बाप शाळेत होते तेव्हाचा सिनेमा आहे तो.

अन् ते त्यायच्या हातात नाही. कोणी बोलाले लागलं, कोणाची वाट पाहाची वेळ आली, का तोंडातून सुटतेच. भजनाच्या बायका पाहाले आल्या होत्या. इंदुताई विचारून राह्यली, "भाऊजी, कसं वाटते?" यायनं खालचा ओठ दाताखाली धरला, मान हलवली, डोळे मिटले. तरी सुटलंच, उशीवालं. इंदुताई पदरात तोंड लपवून हसली. तुझ्या बाबांच्या डोळ्यात पाणी आलं. ते पाहून मी गॅस बारीक कराले आत गेली.

कधी जाणार आहे हा सिनेमा लोकांच्या डोक्यातून, मले समजत नाही. त्याले बक्षिसं भेटली, पेपरात मोठाले लेख आले. शिमगा आला का टीव्हीवर, गणपती आले का चौकात पडद्यावर, अन् आता मोबाईलवर तुकडे तुकडे. गोष्ट काय, तं भोसल्यांच्या काळातला एक म्हातारा किल्लेदार तिसरी बायको करते. तरणीताठी. मोहिमेवर जाताना तिच्या खोलीले बाहेरून कडी घालते, अन् दासी ठकू रोज ती कडी काढते. संपलं. आपल्या खडी गंमतीच्या तमाशात पुरुषच बाई होते ना, तसं ठकूचं काम पुरुषानं करावं असं त्या दिग्दर्शकाच्या मनात होतं. तो आला इतवारीत लुगडी घ्याले. दुकानात तुझे बाबा गादीवर उभे. गिऱ्हाईक बायांना नेसून दाखवाचं तं शर्ट-प्यांटीवरच लुगडं गुंडाळत, पदर घेत, मानेले एक झटका देत अन् म्हणत, "घ्या वहिनी, भाऊजी आठ दिवस घराबाहेर पडणार नाहीत." दिग्दर्शकानं लुगड्यांसोबत यायलेही बांधून नेलं. दुसरा सिनेमा काही मिळाला नाही. परत त्याच गादीवर आले. मालक खूश, ठकूच्या हातून लुगडं घ्याले काटोल-नरखेडाहून बाया येत.

मी मात्र तो सिनेमा कधी पाह्यला नाही. तो लागला तेव्हा तू पोटात होती. तुझी आजी म्हणे, असलं पाहून पोटातल्या लेकरावर परिणाम होते. नंतर टीव्हीवर लागला का घरभर पाहुणे, अन् मी आत चहा करून राह्यली.

तुझ्या लग्नाचं मी कधी काढलं नाही. आज काढते. विहिणीची पंगत बसली होती, तुले नाव घ्याले उभं केलं. अश्विनराव बाजूले. तू 'अ' वर अडकली. सगळे थांबले. एक जण खुसखुसली, मंग दुसरी. अश्विनरावांची आत्या मोठ्यानं म्हणे, "पोरगी नवऱ्याचं नावच विसरली वाटते." अन् तेवढ्यात तुझे बाबा वाढता वाढता पंगतीच्या मधात आले. खांद्यावरचा शेला डोक्यावर घेतला, मानेले झटका दिला, अन् चालू. पलंगाले पाय चार. अख्खं मंगल कार्यालय लोळलं. तू खाली बसली. तुझा उखाणा राह्यला तो राह्यलाच. तिथून तू त्या घरात ठकूची पोरगी झाली. पुण्याले बिऱ्हाड केलं तरी सासू पाहुण्यांना तशीच ओळख करून देते, हे तूच मले सांगतलं. दोन दिवाळ्या आली, मंग नाही आली.

त्या दिवशी मी त्यायले खूप बोलली. म्हटलं, पोरीच्या लग्नातही टाळ्याच पाहिजे होत्या का तुम्हाले? ते काही बोलले नाहीत. तेव्हा बोलता येत होतं, तरी.

आई


नागपूर, १ मार्च

सोनू,

एक गोष्ट झाली, ती तुले सांगणं भाग आहे.

उन्मेष नावाचा एक पोरगा घरी आला होता, कॉलेजात सिनेमाचं मंडळ चालवते. म्हणे, काकू, कडीले चाळीस वर्षं झाली, आम्ही प्रिंट धुऊन पुसून नवी करून आणली, मराठी भाषा दिनाले मोठ्या पडद्यावर लावतो, काकांना आणा. मी म्हटलं, भाषा दिनाले हे? तो म्हणे, काकू, हीच तं भाषा आहे. मी नाही म्हणणार होती. तुझे बाबा आतून ओरडले, "कडी आतून खुलते!" मंग काय.

चाकाच्या खुर्चीत बसवून नेलं. थेटर गच्च. सगळे पोट्टे-पोट्ट्या, सिनेमा आला तेव्हा जन्मलेही नसतीन. मले वाटलं, पोरी उठून जातीन. पोरीच जास्त हसत होत्या वं. पडद्यावर ठकू बोलाच्या आधी खुर्चीतून तुझे बाबा बोलत, मंग ठकू, मंग अख्खं थेटर. पोरांना वाटलं काका खेळ करून राह्यले. टाळ्या वाजवून राह्यले. मी एकटीच बसली होती दगडासारखी. मले नवीन होतं ना सगळं.

एक समजलं. इतके दिवस मले वाटे, लोक चावटपणाले हसतात. चावट आहेच, नाही म्हणत नाही, काही ठिकाणी मी खालीच पाह्यलं. पण हसतात ते किल्लेदारावर. बायकोले कोंडून तलवार परजत फिरते, अन् घरातली कडी त्याच्या पाठीमागं खालीवर होऊन राह्यली. म्हणून टिकला तो सिनेमा. बाजूची पोरगी हसता हसता म्हणे, "आमच्या बाबांना दाखवला पाहिजे." हे मले चाळीस वर्षांत कोणी सांगतलं नव्हतं.

मंग तो उखाणा आला. मी तो हजार वेळा ऐकला, पण कुठं येते ते माहीत नव्हतं. हळदीकुंकवाले गावच्या बाया जमल्या आहेत. किल्लेदारिणीले नाव घ्याले उभं केलं. सतरा-अठराची पोर, म्हाताऱ्याचं नाव तोंडातून निघत नाही तिच्या. ओठ थरथरून राह्यले. किल्लेदार मिशीवर हात फिरवून राह्यला. बाया कुजबुजाले लागल्या. अन् मागून ठकू उडी मारून येते, पदर डोक्यावर, पलंगाले पाय चार. सगळ्या बाया पोट धरून लोळतात. पोरीकडं कोणी पाहत नाही. ती हळूच मागं सरकते अन् खांबाआड जाऊन रडते.

मी थेटरात बसून तुझं लग्न पाह्यलं सोनू. त्यायले टाळ्या नव्हत्या पाहिजे. तुझ्यावरचे डोळे त्यायनं आपल्यावर घेतले. दुसरं काही येतच नव्हतं त्यायले, जे पाठ होतं ते केलं.

घरी आल्यावर मी विचारलं, "त्या दिवशी सोनूसाठी उठले होते ना तुम्ही?" ते म्हणे, "जळो तुमची तलवार." त्याचा अर्थ हो का नाही, मले समजलं नाही. वरण तं समोर नव्हतं.

तू आता तरी बोल त्यायच्याशी. त्यायनं तुले वाचवलं होतं.

आई


पुणे, १४ मार्च

आई,

तिन्ही पत्रं मिळाली. फाडली नाहीत.

बाबा माझ्यासाठी उठले, हे मला त्याच दिवशी माहीत होतं. तो सिनेमा तू पाहिला नव्हतास, मी पाहिला होता. शाळेत असताना मैत्रिणीच्या घरी, तिच्या आईच्या नकळत. तो उखाणा कुठे येतो, कशासाठी येतो, मला पाठ आहे. म्हणूनच राग आहे.

मला वाचवायचं नव्हतं गं. माझा उखाणा तयार होता. आरशासमोर उभी राहून कितीदा म्हटला होता. आणि तो 'अ' येणार होता. मला आतून कळतं तो येत असला की. थोडा वेळ लागतो. लोक हसले असते. हसू दिलं असतं मी त्यांना. मग मी बोलले असते, आणि ते लोक आयुष्यभर म्हणाले असते की पोरगी अडखळली पण बोलली. त्याऐवजी मी ठकूची पोरगी झाले.

आणि ते एकाच दिवसाचं नव्हतं. दुकानात, शाळेत, पाहुण्यांसमोर, मी अडकले की बाबा माझं वाक्य पूर्ण करायचे. विनोद करून. सगळे हसायचे आणि म्हणायचे, काय लाघवी माणूस आहे. होतेच. पण त्या घरात माझं एक वाक्य कधी माझ्या तोंडून संपलं नाही. मला त्यांच्या चावटपणाची लाज वाटते असं तुम्हा दोघांनाही वाटत आलंय. मला ते डायलॉग आवडतात, आई. मी ऑफिसात मनातल्या मनात म्हणते.

दवाखान्यात फोन केला तेव्हा मी 'बाबा' म्हणत होते. 'बा' वर होते. तेवढ्यात ते बोलले. पुन्हा तेच. मी ठेवला. त्यांना तेवढंच बोलता येतं हे तेव्हा मला माहीत नव्हतं, आता माहीत आहे. तरी त्या क्षणी जे झालं ते झालं.

कधीतरी रविवारी फोन करेन. त्यांना बोलायला लावू नकोस. आणि माझ्या वतीनं तूही बोलू नकोस.

सोनिका


नागपूर, ६ एप्रिल

सोनू,

काल तू फोन ठेवला, अन् मी तेव्हापासून कागद शोधून राह्यली. उन्हाळा लागला, हाताले घाम येते, अक्षर फुटलं तं समजून घेजो.

आधी हे सांगते, तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. पुरं. लपवलं काहीच नाही. ते खाटेवर टेकून बसले होते. तुझी 'वाक्य पूर्ण करायचे' ती ओळ आली, अन् त्यायनं डोळे मिटले. मी वाचून थांबली. त्यायले काहीतरी म्हणाचं होतं. तोंड उघडलं तं उशीवालं आलं. त्यायनं डाव्या हातानं आपलीच मांडी बडवली, एकदा नाही, दहादा. मी हात धरला. मी म्हटलं, राहू द्या, तिले समजते. तुले समजते का नाही ते मले माहीत नव्हतं, पण म्हटलं.

मंग प्रत्येक रविवारी सकाळपासून फोन खाटेवर उशीजवळ ठेवू लागली. दोन रविवार कोरडे गेले. काल वाजला.

मी स्पीकर लावला अन् बोलली नाही, तू सांगतलं होतं तसं. तिकडून तुझा श्वास आला. मंग 'बा' आला. तो तिथंच थांबला. मी बाबांकडं पाह्यलं. त्यायच्या गळ्याची घाटी वर सरकली. मले ते आता ओळखू येते, आलं का सुटतेच, या तीन महिन्यांत एकदाही थांबलं नाही. म्हटलं, गेलं, आता हे बोलतीन अन् ही ठेवन, अन् संपलं सगळं.

सोनू, त्यायनं डावा हात उचलला अन् आपल्या तोंडावर दाबला.

असा दाबला का खाट हलली. तू 'बा' वर होती. हाताच्या खालून आवाज येत होता, घशातल्या घशात, तुले ऐकू गेला असन तं पंख्याचा वाटला असन. चेहरा लाल झाला. डोळे बाहेर आले. मी घाबरली, म्हटलं दुसरा झटका येते का काय. मी पुढं झाली, "बोल सोनू" म्हणाले तोंड उघडलं, तं त्यायनं माझ्याकडं असं पाह्यलं, अशी जरब मी त्यायच्या डोळ्यात जन्मात पाह्यली नव्हती. मी तोंड मिटलं. कुकरची शिट्टी झाली. तू अजून तिथंच होती. मंग आलं तुझं, पुरं, एका दमात: "बाबा, जेवले का?"

तू थांबली. इकडून कोणी काही बोललं नाही. तू आणखी थांबली. मंग "बरं" म्हटलं अन् ठेवला.

तुले वाटलं असन का बाप बोललाच नाही. राग धरून बसला, नाहीतर समजतच नाही आता त्यायले. फोनवर हात दिसत नाही, म्हणून हे पत्र. तू ठेवल्यावरही त्यायनं हात काढला नाही. मले एक एक बोट धरून सोडवा लागलं. गालावर नखं रुतली होती, तिथं मी खोबरेल लावलं. तेल लावता लावता मले रडू आलं. दवाखान्यात आलं नव्हतं ते सगळं आलं, मोठ्यानं आलं, बाजूचे लोक दारात आले. तुझे बाबा माझ्याकडं पाहून हळूच म्हणे, "घोडा दमला का स्वार?" अन् मी रडता रडता हसली. जळो, काय माणूस आहे.

ते जेवले होते का नाही, ते मी सांगणार नाही. कोणाच्या वतीनं बोलू नको, हे तूच लिहिलं. येऊन त्यायलेच विचार. उत्तर ठकूच देईन, दुसरं कोणी घरात नाही. पण तुझं विचारून होईपर्यंत ते थांबतीन.

आई